धावपट्टीवरचा मोजा

"त्या नव्या क्लिफर्डने आपला मोजा उतरवून नेला. विचारलंसुद्धा नाही."

"खांबावरचा? वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी?"

"तोच. लष्कर गेलं, विमानं गेली, पण मोजा बघून कपडे वाळत घालता येत होते."

"अगं, ग्रामसभेत तूच म्हणालीस ना, मोजा फाटलाय, कोणीतरी बघा?"

"बघा म्हटलं, पळवा नाही. वर्ष झालं येऊन, अजून परका तो परकाच."

जुन्या धावपट्टीवरच्या बसथांब्यावर रांगेत एनिडबाई या बोलणाऱ्या दोघींच्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. गावात त्यांचा शब्द शेवटचा. तेवढ्यात क्लिफर्ड भलंमोठं गाठोडं घेऊन आला.

"बाई, नवा मोजा. स्वतः विणलाय."

"लोकरीचा? अरे, हा वाऱ्यावर उडणार कसा?" दोघींपैकी एकीने विचारलं.

"सगळे मोजा मोजा म्हणत होतात, म्हणून..."

"आणि ही टाच कशाला?" दुसरीने विचारलं.

रांग हसून लोटपोट झाली. क्लिफर्ड मान खाली घालून गाठोडं बांधू लागला. एनिडबाईंनी त्याचा हात धरला.

"बांधू नकोस, चढव खांबावर. हा हलला की वादळ आलं समजायचं आणि कपडे आत घ्यायचे. आणि आता तू गावातला, म्हणून तोंडावर सांगते, वाऱ्याला टाच नसते."