हौसाबाईंचा नवस आणि आनंदाचा गुडघा

रविवारी संध्याकाळी पाच वाजता कबड्डीच्या मैदानावर आनंदा मोहित्याचा उजवा गुडघा कट्‌ असा वाजला. आनंदा खाली बसला, सामना थांबला.

मंडळी, ऐका. घटना एवढीच, पण तिच्यातून एक प्रश्न निघाला. नवस एकानं बोलायचा आणि फेडायचा दुसऱ्यानं — देवाच्या दरबारात हे चालतं का?

डॉक्टर कुंट्यांनी तपासलं. म्हणाले, "गुडघा आतून आवळून धरणारा लिगामेंट तुटलाय. ऑपरेशन लागेल."

ऑपरेशन सुरू असताना बाहेर आनंदाची आई, हौसाबाई, देवीला म्हणाली, "आई, लेकराचा गुडघा बरा कर. तो गुडघ्यांवर तुझा डोंगर चढेल."

तो चढेल! सोय बघा. काकू, हसू नका. पोराला विचारून का आपण त्याचं जावळ काढतो?

ऑपरेशननंतर कित्येक महिने आनंदानं व्यायाम केला, टाच ओढली, मांडी आवळली, घाम गाळला. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली. डॉक्टर म्हणाले, "शेवटची तपासणी झाली की खेळायला सोडतो." तेव्हा बाईंनी नवसाचं सांगितलं.

"मावशी, दगडी पायऱ्यांवर हा रांगला, तर निवड विसरा."

"तुम्ही हाडाचं बघा, डाक्टर. देवीचं मी बघते."

प्रकरण देवीच्या देवळातल्या शंकरअप्पा गुरवांकडं गेलं. अप्पा म्हणाले, "हौसाबाई, बोललात तुम्ही. मग रांगायचं त्यानं कशापायी?"

"बरं, मी रांगते."

डॉक्टरांनी बाईंच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले. "दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजलीय. हाडाला हाड घासतंय. तुम्ही मांडी घालूनसुद्धा बसायचं नाही."

"मग माझ्या गुडघ्यांसाठी नवस कुणी बोलायचा?"

आनंदा म्हणाला, "मी बोलतो, आये. तू चढ."

"मेल्या, आईला रांगायला लावतोस?"

"तू मला लावलंस तेव्हा?"

 

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चार दिवसांत सोडला, असे इथं किती? हात वर करा. खांदा दुखतो म्हणून तेही नको? वजन आपण वाढवायचं, कंटाळा आपण करायचा आणि गुडघा देवीनं सांभाळायचा. वर नवस फेडायची वेळ आली की पोरगं पुढं करायचं. तुमच्या बोलण्याचा भार आज कुणाच्या गुडघ्यांवर आहे, ते घरी जाऊन बघा.

मी इथं उभा राहण्याआधी डोंगराकडून निरोप आला. तू चढत नाहीस तर मी चढते, असं पोराला म्हणून हौसाबाई आज तिथं गेल्या आणि पहिल्याच पायरीवर बसल्या आहेत. उठत नाहीत की उठवत नाही, हे निरोप आणणाऱ्याला कळलं नाही. आनंदा शेजारी उभा आहे. त्याची तपासणी उद्या आहे. गुडघा त्यानं अजून टेकवलेला नाही.