भोपाळकडची गाडी

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर बाकावर बसून म्हातारीनं संत्रं सोललं आणि फोडींचे तीन सारखे वाटे केले. बाकावर तर सासू आणि सून, दोघीच होत्या. शेजारच्या बाकावर भोपाळहून नागपूरला जाणाऱ्या त्याच गाडीसाठी थांबलेल्या अनुराधाबाईंनी पेपर बाजूला ठेवला.

“मामीजी, भोपाळची गाडी पाहाले दोन वर्सं येऊन राहिलो आपन. गॅसनं मेलेले गाडीनं येतात का?”

“माह्या पोराचं, मुकुंदाचं प्रेत पाह्यलं का कोनं?”

“माहा भाऊ माह्या पाटासाठी, दुसऱ्या लग्नासाठी पोरगा पाहून राहिला. त्याले काय सांगू?”

“सांग, सासू खट आहे.”

“ते ठाऊक आहे त्याले.”

“प्रेमा, त्या सकाळी तू कुठं होती?”

“तुमच्या बाजूच्या ओळीत, कापूस वेचत. रेडिओवर गॅसची बातमी सांगाची होती अजून.”

“मंग पाह्यलंच असन. मुकुंदा बांधावर आला, डोये चोळत. पानी मांगलं. मी तांब्या धरला.”

“तुमच्यासमोर कोनी नव्हतं, मामीजी.”

“मंग पानी कोन पेलं?”

“तांब्या तुमच्या हातात होता. वाकडा झाला, रिकामा झाला. खाली जमीन कोरडी. मी पाह्यलं.”

“अन् इतके दिवस बोलली नाही?”

“बोलून तुमच्या पोराले मी मारू का?”

गाडी आली. उतरले ते सारे गावचेच व्यापारी. अनुराधाबाई डब्याच्या दारात चढल्या, तेव्हा मागून म्हातारीचा आवाज आला.

“उद्या पळसाच्या पानाइचा पुतळा करू, मुकुंदाच्या नावानं अग्नी देऊ. तेरवी झाली का भावाले म्हन, पोरगा घेऊन ये.”