रोबोटची धार

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं, आत्याचा शोधनिबंध छापून येईपर्यंत तरी. पण तुम्हीच आहात म्हणून सांगते.

माझी आत्या विद्यापीठात नवीन औषधं पेशींवर तपासून बघते. पेशी छोट्या वाट्यांच्या तळाला चिकटून वाढतात आणि त्यांच्यावर औषध सोडायला तिने रोबोटचा हात बसवलाय. पण औषध पडलं की पेशी सुटून मरायच्या. आत्या म्हणाली, "औषधच विषारी दिसतंय. दोन वर्षांचं काम टाकून द्यावं लागणार."

त्या दिवशी काका गडमुडशिंगीहून तिचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले होते. मीही सोबत होते. काचेतून रोबोटकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "ह्याला धार काढायला कुणी शिकवलं गं?"

"का रे दादा?"

"मधोमध मारतोय की! आम्ही दुधाची धार भांड्याच्या कडंला सोडतो. ह्यो तळच धुऊन काढाय लागलाय."

आत्याचे विद्यार्थी हसले. आत्या हसली नाही. तिने रोबोटला लगेच कडेने औषध सोडायला लावलं. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पेशी जित्या हायत! औषध चांगलं हाय. चूक माझी होती, लिहून ठेवा." एरवी ती तिथे अगदी शुद्ध बोलते.

मग तिने काकांना फोन करून विचारलं, "निबंधात तुझं नाव घालू का?"

काका म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? घालायचंच तर चंद्रीचं घाल. मी तिच्याकडनंच शिकलोय."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. आणि आत्याने आभारात आधी काकांचं नाव लिहिलं, मग त्याच्या खाली खरोखर… आले गं आई, आले!