कबुतरवाल्याची साक्ष

(अम्मान. उतारावरच्या जुन्या घरातली खोली, गुरुवारची दुपार. पलंगावर पायाला प्लास्टर घातलेली आठ वर्षांची सदीन, समोर तिचे आजोबा, घर त्यांचंच. ती त्यांना सीदो म्हणते.)

सदीन : तुम्ही मुद्दाम हरताय.

सीदो : मी? अगं, या वयात मला कवड्या नीट दिसत नाहीत, मुद्दाम कुठला हरतोय!

सदीन : काल बऱ्या दिसत होत्या. काल चार डाव जिंकलात. आज एकदम आंधळे झालात?

सीदो : बरं बाई, तू जिंकलीस. आता काय खेळू या? पत्ते?

सदीन : पत्त्यांचा कंटाळा आला.

सीदो : बटणं ओवू या?

सदीन : बटणांचा तर वीट आलाय. काळी एका दोऱ्यात, पांढरी एका दोऱ्यात, मग परत सगळी एकाच डब्यात. मी काय शिंप्याकडे कामाला आहे?

सीदो : मग आरशात बघ की. कपाटाचा एवढा आरसा उचकटून खिडकीला टांगलाय तुझ्यासाठी. पडल्यापडल्या सगळं छत दिसतंय.

सदीन : दिसतंय. खुराडं दिसतंय, पाण्याची टाकी दिसतेय. माझी चप्पलसुद्धा दिसतेय, टाकीखाली.

सीदो : कुठं?

सदीन : ती काय, पिवळी. आईनं पाहिली तर?

सीदो : तुझी आई छतावर चढत नाही. मी आणतो संध्याकाळी.

सदीन : सीदो, एकच उडी मारू? एका पायावर, दारापर्यंत.

सीदो : अजिबात नाही. डॉक्टर काय म्हणाला? हाडाला बारीकशी चीर आहे, तीन आठवडे पाय टेकायचा नाही. आठ दिवस तर झालेसुद्धा.

सदीन : जन्मल्यापासून मी एवढी कधी बसले नव्हते. पलंगाखालचं पण कंटाळलंय. ऐका, घुमतंय.

सीदो : दाणे घातलेस त्याला?

सदीन : घातले. वाकून, हात लांब करून. त्याचे पंख बांधलेत आणि माझा पाय. त्याला किती दिवस सांगितलेत?

सीदो : चाळीस. चाळीस दिवस पंख बांधून ठेवले की कबुतर जुनं घर विसरतं. मग आपलं होतं.

सदीन : मला तीनच आठवडे. मी बरी त्याच्यापेक्षा. शेजारच्या छतावरचे अबू गालिब शोधत असतील ना त्याला?

सीदो : शोधतोय. रोज सकाळी कमरेवर हात ठेवून आपल्या छताकडे बघतो. पण विचारायला यायचा नाही. एका छतानं दुसऱ्या छताला विचारायचं नसतं. विचारलं की नाक कापलं. ज्याच्या छतावर उतरलं, त्याचं.

सदीन : म्हणजे आपण चोरलं नाही.

सीदो : कबुतरवाले याला चोरी म्हणत नाहीत.

सदीन : आणि आई?

सीदो : आई... आई चोरीच म्हणेल.

सदीन : आई आज माझे चाकांचे बूट घेऊन जाणार आहे. उद्या शुक्रवार, मावशीकडे जेवायला गेली की तिच्या लमाला देऊन टाकणार.

सीदो : देऊन टाकणार? कायमचे?

सदीन : हो. म्हणाली, चाकांचे बूट घालून जिना उतरणाऱ्या पोरीला बूट कशाला हवेत! लमाचे पाय केवढे आहेत ठाऊक आहे? दोन दिवसांत फाडेल ती.

सीदो : मग तू काय म्हणालीस?

सदीन : काय म्हणणार? मी जिन्यावर नव्हतेच तर.

सीदो : तुला माझा राग येत नाही का गं?

सदीन : थोडा येतो. बुटांचा आला. आधी नव्हता.

सीदो : मीच ओरडलो त्या दिवशी.

सदीन : हो. ‘धाव! चढ टाकीवर! पकड, सोडू नकोस!’ आणि मी सोडलं नाही सीदो. पडले तरी सोडलं नाही.

सीदो : नाही सोडलंस.

सदीन : तुम्ही धावत आलात आणि आधी माझ्या हातातून कबुतर घेतलंत. मग मला उचललंत.

सीदो : ते तुझ्या लक्षात आहे?

सदीन : मी तिथंच होते की.

सीदो : होतीस. तिथंच होतीस.

सदीन : असं तोंड नका करू. मी कुणाला सांगितलं नाहीये. आई तुम्हाला विचारायच्या आतच मी शपथ घेऊन टाकली, वल्लाह, मी जिन्यावरून पडले म्हणून. तुम्ही सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं.

सीदो : का नसतं पटलं?

सदीन : तुम्हीच तर म्हणता, पूर्वीपासून कबुतरवाल्याची साक्ष काझी घेत नाही. माझी घेतील ना! म्हणून मी दिली.

सीदो : अगं, ती गंमत होती! चहाच्या दुकानात चार लोक हसावेत म्हणून सांगतो मी.

सदीन : पण खरं आहे ना?

सीदो : खरं आहे पोरी. आज कळतंय, किती खरं आहे ते.

सदीन : आणि पाय दुखतो का विचारलं तर नाही म्हणायचं. तेही पाठ आहे माझं. हो म्हटलं की डॉक्टर परत बोलावणार आणि सतरा प्रश्न विचारणार.

सीदो : दुखतोय का?

सदीन : नाही.

सीदो : मला तरी सांग.

सदीन : तुम्हीच म्हणालात, कुणालाच नाही. तुम्ही पण कुणीतरीच आहात ना? थांबा, दार वाजलं. आई आली. खोकं आत ढकला, आत!

रुबा : बाबा, दार सताड उघडं! कोण येईल, कोण जाईल, काही आहे का? भेंडी आणि भात आणलाय, गरम आहे तोवर खा. सदीन, ताट पुढे घे. पाय दुखतोय?

सदीन : नाही.

रुबा : बरं. बूट कुठायत?

सदीन : जिन्याखाली.

सीदो : रुबा, बस जरा.

रुबा : बसायला वेळ नाही. वह्या तपासायच्यात, चाळीस मुलींच्या. बूट द्या, मी निघते.

सीदो : बूट न्यायचे नाहीत. पोर जिन्यावरून पडली नाही. छतावर पडली. टाकीवरून. मी चढवलं तिला.

सदीन : सीदो!

रुबा : झालं सुरू! बाबा, पुरे आता. वाटच बघत होते मी, हे कधी अंगावर घेताय त्याची.

सीदो : खरं सांगतोय मी.

रुबा : हिनं फुलदाणी फोडली, तुम्ही म्हणालात मांजरानं पाडली. हिनं गृहपाठ केला नाही, तुम्ही म्हणालात वही मीच शेगडीत घातली. तेव्हाही खरंच सांगत होतात. तुमच्या लाडानंच शेफारलीय ही.

सीदो : अगं, ते खोटं होतं. हे खरं आहे.

रुबा : माझी आई उगाच नाही म्हणायची, माझी सवत छतावर राहते आणि तिच्यापायी हा माणूस दिवसाला दहा वेळा खोटं बोलतो. बायको गेली, बाबा, पण तुमची सवय काही गेली नाही.

सीदो : सदीन, तूच सांग आईला.

सदीन : मी जिन्यावरून पडले. चाकांचे बूट घालून. वल्लाह.

रुबा : ऐकलंत? निदान ती तरी खरं बोलते.

सीदो : अल्ला, अल्ला! पोरी, माझ्यासाठी शपथा नको गं घेऊस. मी सोडवलं तुला त्यातून. सांग.

सदीन : मग ते जाईल.

सीदो : जाऊ दे.

रुबा : काय जाईल? काय चाललंय तुमचं दोघांचं?

सीदो : माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. वाक आणि पलंगाखाली बघ.

रुबा : हे... खोक्यात कबुतर? पोरीच्या पलंगाखाली?

सीदो : अबू गालिबचं. पायातला हिरवा मणी त्याचा आहे. आता त्या आरशात बघ. टाकीच्या खाली.

रुबा : चप्पल आहे. सदीनची.

सीदो : चाकांचे बूट घातलेल्या पोरीची चप्पल छतावर कशी गेली, सांग बरं.

रुबा : म्हणजे ही खरंच वर होती.

सदीन : आई, मी पकडलं ते. एकटीनं.

रुबा : तू गप्प बस. बाबा, ती टाकी केवढी उंच आहे?

सीदो : माझ्या डोक्याच्या वर.

रुबा : आणि टाकीच्या पलीकडे?

सीदो : गल्ली.

रुबा : तीन मजले खाली, बाबा.

सीदो : हो.

रुबा : ही अलीकडे पडली.

सीदो : अलीकडे पडली.

रुबा : अल्लानं पाडली अलीकडे. तुम्ही नाही.

सीदो : नाही. मी ‘पकड’ म्हणून ओरडत होतो. आणि अजून एक आहे. ती पडल्यावर मी धावलो आणि आधी तिच्या हातातून कबुतर घेतलं. ते घेऊन खुराड्यात ठेवलं. मग तिला उचललं.

रुबा : हे कशाला सांगितलंत? मला कधी कळलंही नसतं.

सीदो : हिला माहीत आहे. आठ दिवस हिच्या शेजारी बसून पत्ते खेळतोय, बटणं ओवतोय, आरसा टांगतोय. वाटलं, पोरीचं मन रमवतोय. कसलं काय! ती बोलू नये म्हणून मी तिच्यावर पहारा ठेवत होतो. लाज वाटते गं रुबा. साठ वर्षं कबुतरं उडवली, लोकांनी लबाड म्हटलं, कधी काही वाटलं नाही. पण ही आत्ता माझ्यासाठी वल्लाह म्हणाली ना, तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रुबा : आणि मी आठ दिवस हिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

सदीन : बोललीस की. ‘ताट पुढे घे’ म्हणालीस.

रुबा : सदीन...

सीदो : रुबा, तू नको रडूस. लाज माझी आहे, तू वाटून घेऊ नकोस. दे ते खोकं इकडे.

रुबा : कुठं निघालात?

सीदो : अबू गालिबकडे.

रुबा : त्यापेक्षा पंख सोडा आणि उडवून द्या. जाईल आपल्या घरी. गल्लीभर शोभा कशाला?

सीदो : उडवलं तर तो समजेल, पाखरू शहाणं, आपणहून परत आलं. मी पुन्हा सुटलो! नाही, हातात धरून न्यायला हवं. या वेळी तो चहाच्या दुकानात असतो, सगळे कबुतरवाले असतात तिथं. त्यांच्यासमोर देतो आणि का देतोय तेही सांगतो.

रुबा : उद्यापासून त्या दुकानात बसू देणार नाहीत तुम्हाला.

सीदो : नाही देणार. मग इथं बसेन, बटणं ओवत.

सदीन : बटणं नकोत!

रुबा : थांबा बाबा, जरा वेळ. सदीन, बूट जिन्याखालीच राहू देत. पण छत बंद. कायमचं. कळलं?

सदीन : कळलं.

रुबा : आता नीट सांग. पाय दुखतोय का?

सदीन : नाही.

रुबा : सदीन.

सदीन : सीदो, सांगू?

सीदो : सांग.

सदीन : खूप दुखतोय.