उंदराचा पाय आणि अरबाजचा गुडघा

तर मामा, परत सांगतो, मी हैदराबादला उंदरं मारायची नोकरी करत न्हाय. पानपट्टीवर चार वर्षं तुम्ही तेच सांगताय, म्हणून सत्कारातच खुलासा करतो.

अध्यक्ष भाऊसो, व्यासपीठावरची पावणं मंडळी, सत्कारमूर्ती हाडवैद्य आकाराममामा आणि तालमीच्या माझ्या भावाबहिणींनो, भाषण मी लिहून धाडलंय, वाचतोय सोहेल. तो अडखळला तर दोष माझ्या अक्षराचा.

मामांनी चाळीस वर्षं शिवाजी पेठेतली हाडं बसवली. माझा खांदा दोनदा बसवला, रुपया घेतला न्हाय. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही शाल परत मागाल.

आमच्या प्रयोगशाळेत हाडाच्या कॅन्सरवर औषध शोधतात. उंदराच्या पायात त्या गाठीच्या पेशी सोडतात आणि औषध लागू पडतंय का बघतात. पिंजरे धुणं आणि पाय मोजणं माझं काम. एक दिवसाआड प्रत्येक उंदराचा पाय मोजून वहीत लिहायचा. लंगडला की डॉक्टरीणबाई पळत येतात. गाठ ठरल्या मापापुढं गेली की त्याला गुंगी देऊन संपवतात. मारतात, खरं हाय; पण कळा सोसत ठेवत न्हाईत.

आता मला सांगा, अरबाजचा गुडघा कुणी मोजला? आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, अठरा वर्षांचं पोरगं. दुखणं झोपेतनं उठवतंय म्हणायचा. मामांनी शीर चढलीया म्हणून चार महिने चोळलं, लेप लावला. त्याची आई बेगमचाची एकदा एक्स-रे काढू का विचारायला गेली.

"मशीनला काय कळतंय, चाची? माझा अंगठा हाय की."

अंगठ्यानं बघितलं, निघाला हाडाचा कॅन्सर, आणि पाय मांडीपासनं कापावा लागला. लवकर कळलं असतं तर पाय वाचला असता का? डॉक्टरसुद्धा नक्की सांगत न्हाईत. नक्की सांगणारे एकटे मामाच. आणि सुट्टीला आलो तवा त्याला पहिल्यांदा गाडीवर बसवून मामांकडं नेणारा मीच.

उद्यापासनं मामांच्या जागी त्यांचा पोरगा राजवीर बसणार. मामा, सत्काराला उत्तर देताना त्याला सगळ्यांसमोर एवढंच बजावा, की सूज न्हायतर दुखणं पंधरा दिवसांत उतरलं न्हाय तर हात लावायचा न्हाय, आधी एक्स-रे. उंदराला मिळतंय तेवढं तरी पेठेतल्या पोरांना मिळू दे.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. तोंड जास्त सुटलं असलं तर गावी आल्यावर कान धरा; गुडघ्याबद्दल जे बोललो ते मात्र मागं घेणार न्हाय. एक्स-रेला पैसं न्हाईत असं राजवीरनं कुणाला सांगू नये, म्हणून पहिल्या दहा पोरांच्या एक्स-रेचे पैसे सोहेलच्या मोबाईलवर पाठवतोय, पाच हजार रुपये.