वरच्या वळणावरची बकरी

— अहो, घाई कसली एवढी, साहेब? बसा की. बंदराचा रस्ता काही पळून जात नाही — खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, की आलंच कॅस्ट्रीज. कोकोचा चहा ठेवलाय, जायफळ घालून. घ्या. घामाघूम झालात की. ऊन बाधलं असेल. पाहुण्यांचं हे असंच — सकाळी बोटीतून उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत अख्खं बेट बघून संपवायचं. आमचा जन्म गेला इथं, आम्हाला नाही संपलं! त्यात इथं गाडी डाव्या बाजूनं हाकायची. तुमच्याकडं उजव्या, नाही का? हात वळणावर सवयीच्याच बाजूला जातो. माणूसच शेवटी.

गाडीचा दिवा कशानं फुटला म्हणालात? बकरी? हं. बकरी आडवी आली. असेल, असेल — वरच्या वळणावर चरतात बकऱ्या. मग थांबला नाहीत? नाही, आपलं विचारलं. मेली असेल तर मालकाला सांगावं, एवढंच. प्या, प्या, गार होतोय.

माझा भाऊ, प्लॅसिड — तोही त्याच वळणावर. केळीच्या बागेतून सायकलवर घरी येत होता. उडवला कुणीतरी. गाडी सापडली हो, सापडली — बंदरावर, स्वच्छ धुऊन पुसून उभी. माणूस बोटीवर, बोट समुद्रात. आता कुठं हाक मारायची? आणि डॉक्टर काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, बाई, लगेच आणला असता तर जगला असता. कुणी आणला असता? तिथं एकच माणूस होता ना — ज्यानं उडवलं तो! तेव्हापासून आम्ही गावकऱ्यांनी ठरवलं की पुढच्या वेळी — जाऊ दे. तुम्हाला काय करायचंय.

नाही, पुलावरून नाही जाता येणार आत्ता. झाड पडलंय. वारा? नाही, वारा नाही, खरंय तुमचं. झाड पडायला वाराच लागतो असं थोडंच आहे? केस्टर आणि आल्बन आहेत ना पुलाशी, त्यांनीच — हे बघा, उठू नका. बसा म्हणते ना! बस खाली.

तुला काय वाटलं, मला कळलं नाही? दिव्याच्या फुटक्या काचेत पिवळं फडकं अडकलंय, ते तरी काढायचंस. आमच्या बकऱ्या डोक्याला रुमाल बांधत नाहीत. बकरी नव्हे, सिल्व्हानी आहे ती, आमच्याच गावची. बाजार करून रिकामी टोपली घेऊन घरी निघाली होती. मागून बसवाला आला, त्यानं उचलली, दवाखान्यात नेली आणि मला फोन केला. मी फोन ठेवते न ठेवते तोच तू दारात, म्हणतोस कसा — मावशी, बंदराचा जवळचा रस्ता कुठला? चहा ठेवायला आत गेले, तेव्हा मीच पुलावर कळवलं. तिचेच मुलगे ते, केस्टर आणि आल्बन.

रडू नकोस. घाबरलो म्हणतोस — अरे, प्लॅसिडला टाकून गेला तोही घाबरलाच असेल की! मला नाही रे राग यायचा राहिला आता. मी पोरांना बजावून सांगितलंय — तुमच्या आईचा श्वास चालू आहे तोवर याच्या अंगाला हात लावायचा नाही, पोलीस येतील, ते बघतील. निघालीय जीप. आता ती पुलापलीकडं अडकलीय, ते खरं. तेच झाड, बाबा. तुला अडवायला पाडलं, त्यांनाही अडवलं. सुचलं नाही मला तेव्हा. डोकं कुठं ठिकाणावर होतं माझं, तो वळणाचा रस्ताच दिसत होता डोळ्यांपुढं — भोंगा वाजला ना? तुझीच बोट. वाजू दे.

थांब. फोन.

— हं, मीच. बोल... कधी?... देवा... बरं. डोळे मिटलेस ना नीट?... आणि पोरांना? पोरांना इतक्यात सांगू नका, जीप येऊ दे इकडे — सांगितलं? कुणी सांगितलं?... कधी निघाले ते?

ऊठ. कप राहू दे, ऊठ लवकर. मागच्या खोलीत जा, नारळाच्या पोत्यांआड. आतून कडी लाव. माझ्या तोंडाकडं काय बघतोस — गेली ती, गेली! पोलिसांचा आवाज ओळखता येतो ना तुला? तेवढ्याच आवाजाला दार उघडायचं, माझ्यासुद्धा नाही. काहीही ऐकू आलं तरी तोंडातून अवाक्षर काढू नकोस. बोलायचं ते मी बोलते. जा!

— ये, केस्टर. ये बाळा. कुऱ्हाड बाहेर ठेव आधी.