जावयासाठी प्रार्थना

बोटाची पट्टी बदलायला आलेला शिंपी दवाखान्याच्या बाकावर बिस्किटाचा पुडा फोडत होता, पण कान शेजारच्या दोन बायकांकडेच होते.

"रोज डबा उघडण्याआधी डोळे मिटून काय पुटपुटता हो?"

"प्रार्थना. आम्ही चर्चला जाणारी माणसं. येशूला सांगते, माझ्या मालकांना बरं कर, आणि या ताईंच्या मुलालाही."

"माझा कुठला मुलगा?"

"आत बेशुद्ध आहे तो."

"अहो, तो जावई माझा."

"अगंबाई. आठवडाभर चुकीचंच सांगत बसले की मी."

"काल डोळे उघडले त्याने."

"मग ज्याला कळायचं त्याला कळलं म्हणायचं."

"तरीपण आज नीट सांगा. थांबा, माझाही डबा झाकते."

शिंप्याने तोंडाशी नेलेलं बिस्कीट हातातच धरून ठेवलं.